डोळे साफ आले पाहिजेत



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आईबापांच्या सोबत जी दहा वर्षांची मुले गेली होती, ती आज ऐंशीच्या आसपास आहेत. आमच्या अमडापूर, चिखली, मेहकर भागात अशा कितीतरी आजी-आजोबांचा फोटो म्हणजे ओळखपत्रावरचा एवढासा चेहरा. माणूस गेल्यावर तोच मोठा करून घ्यायला स्टुडिओत धावपळ होते. परंतु मूळ फोटोत जे आले नाही, ते मोठे केल्याने येत नाही.

लग्नकार्यात फोटो काढणाऱ्या अनेक तरुणांकडे जुना, आरशाचा डीएसएलआर कॅमेरा असतो. नेम डोळ्यावर धरला तरी डोळे पुसट आणि कान स्पष्ट येतात, असे होते. हा दर वेळी हाताचा दोष नसतो. या कॅमेऱ्यात फोकस ठरवणारा सेन्सर तळाशी असतो आणि चित्र मागच्या सेन्सरवर उमटते. दोन्ही वाटांच्या लांबीत केसभर फरक पडला की फोकस पुढेमागे सरकतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मि.मी. लेन्स, १.८ अपर्चर आणि दोन मीटर अंतर असेल, तर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा. मग चूक लगेच दिसते.

तपासणी घरीच होते. कॅमेरा स्टँडवर लावा. समोर पुस्तक उभे करा, शेजारी मोजपट्टी तिरपी ठेवा. अपर्चर पूर्ण उघडा, मधला बिंदू पुस्तकावर धरा आणि टायमरने पाच फोटो काढा. दर वेळी फोकस आधी बिघडवून पुन्हा घ्या. मग लाइव्ह व्ह्यूवर तसेच फोटो काढा. तेच स्पष्ट आले, तर जुळवणीत फरक आहे असे समजा.

निकॉन व कॅनन कंपन्यांनी २००७ पासून काही मॉडेलमध्ये ही दुरुस्ती मेनूतच दिली आहे. उणे २० ते अधिक २० असे आकडे असतात. फोकस पुस्तकाच्या अलीकडे पडत असेल तर अधिककडे जा, पलीकडे पडत असेल तर उणेकडे. प्रत्येक लेन्सची जुळवणी वेगळी करावी. स्वस्त मॉडेलमध्ये ही सोय बहुधा नसते. तिथे लाइव्ह व्ह्यू वापरा. बिनआरशाचे कॅमेरे आणि मोबाइल चित्राच्या सेन्सरवरच फोकस करतात, त्यांना ही खटपट सहसा लागत नाही. मोबाइलची काच पुसून डोळ्यावर बोट टेकवले तरी पुष्कळ.

अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मुंबईच्या ज्या सफाई कामगारांकडे कोणी पाहत नव्हते, त्यांच्याकडे त्यांनी कॅमेरा वळवला. आपणही आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांकडे वळवू या. येत्या रविवारी आजीला दाराच्या उजेडात बसवा, फोटो काढा, छापून घ्या आणि मागे नाव, गाव, तारीख लिहा. नातवंडांना तिचे डोळे ओळखता आले पाहिजेत.