आधी चाचणी, मग गाजावाजा

शीळ-बदलापूर रस्त्यावर अंबरनाथच्या आनंदनगरात ‘डीआरडीओ’ची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला बाहेरच्या हवेशिवाय वीज पुरवणारी ‘एआयपी’ यंत्रणा तिथल्या शास्त्रज्ञांनी घडवली. डिझेल पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी दोन-तीन दिवसांनी पृष्ठभागाजवळ यावेच लागते, आणि शत्रूला ती तेव्हा सहज सापडते. एआयपी असेल तर तिचा पाण्याखालचा मुक्काम दोन आठवड्यांपर्यंत लांबतो. अंबरनाथच्या यंत्रणेत हायड्रोजन पाणबुडीवरच तयार होतो. त्याचा धोकादायक साठा बरोबर न्यावा लागत नाही. ८ मार्च २०२१ रोजी जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. या परिसराने अभिमान बाळगावा असेच हे काम आहे.

म्हणूनच पुढचा हिशेब खुपतो. सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ मध्ये झाला. पहिली २०१२ मध्ये मिळायची होती. ही ‘कलवरी’ नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये. सुमारे १८,८०० कोटींचा खर्च २३ हजार कोटींवर गेला. शेवटच्या दोन पाणबुड्यांत एआयपी बांधणीतच बसवायची, असे ठरले होते. सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली, तीही एआयपीविनाच. त्याच्या पंधरवडाभर आधी एआयपीचा भाग बांधून पाणबुडीत जोडण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. म्हणजे तयार पाणबुडी कापायची आणि मध्ये नवा भाग जोडायचा. पाकिस्तानची ‘हमजा’ २००८ मध्येच एआयपीसह दाखल झाली होती. पाणतीरांचीही तीच गत: परदेशी ‘ब्लॅक शार्क’ची खरेदी रद्द झाली आणि देशी पाणतीर बसवण्याचा करार व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

याचे खापर शास्त्रज्ञांवर फोडणे अन्यायाचे होईल. नवे तंत्र वेळ घेते, फसते, पुन्हा उभे राहते. आयुध निर्माणीत आयुष्य घालवलेल्या अंबरनाथ-बदलापूरच्या घरांना हे सांगायला नको. यंत्रावरचा पहिला नग क्वचितच मापात बसतो. नापास नगाची नोंद प्रामाणिकपणे झाली, तरच पुढचा सुधारतो. आपल्या संरक्षण प्रकल्पांत नेमकी हीच नोंद दडते. आराखडा कागदावर असतानाच तारखा जाहीर होतात, चित्रफिती झळकतात आणि मुदत हुकली की नवी तारीख गुपचूप पुढे येते. १९७४ चा ‘अर्जुन’ रणगाडा आणि १९८३ चे ‘तेजस’ विमान याच वाटेने गेले. तांत्रिक तपशील गुप्त राहावेत, हे मान्य. खर्च आणि विलंब गुप्त ठेवण्याचे कारण नाही. हुकलेल्या टप्प्यांसह त्यांचा हिशेब दरवर्षी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे यायला हवा.

‘प्रकल्प ७५ (आय)’ या पुढच्या योजनेतील सहा पाणबुड्यांसाठी सरकारने परदेशी कंपन्यांना समुद्रात सिद्ध झालेल्या एआयपीची अट घातली. ती रास्तच आहे. तीच कसोटी घरच्या घोषणांनाही लावावी आणि ‘कलवरी’ वर्गातील एआयपीच्या समुद्रचाचण्यांचे वेळापत्रक सरकारने संसदेत मांडावे.