गोळ्या मोजायच्या की प्लॉट?

गँगस्टर सिनेमा आला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया. एक, "असले सिनेमे बघून पोरं बिघडतात." दुसरी, "काय डायलॉग आहे, भाऊ!" पहिल्याने सिनेमा बघितलेलाच नसतो, दुसऱ्याने फक्त हिरोचा रुबाब बघितलेला असतो. सिनेमा सांगतोय काय, हे विचारायचं राहूनच जातं.

ब्रिटनमध्येही बराच काळ हेच चाललं. १९४७ चा 'ब्रायटन रॉक', १९४८ चा 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' आले तेव्हा समीक्षकांनी हिंसेच्या नावाने बोटं मोडली. दुसऱ्याला तर अक्षरशः धुऊन काढलं. पण महायुद्ध संपलं तरी तिथे रेशनिंग १९५४ पर्यंत होतं. काळ्या बाजारात माल विकणारा 'स्पिव्ह' लोकांच्या रोजच्या ओळखीचा होता. तो पडद्यावर येणारच ना? रॉबर्ट मर्फी यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात या सिनेमांकडे गांभीर्याने बघितलं. पुढे १९९९ मध्ये त्यांनी आणि स्टीव्ह चिबनॉल यांनी मिळून ब्रिटिश गुन्हेपटांवर अख्खा लेखसंग्रह संपादित केला. गुंडांच्या सिनेमावर विद्यापीठातली माणसं लिहितात म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

का, ते सांगतो.

१९७१ चा 'गेट कार्टर' घ्या. भावाच्या मृत्यूमागे कोण आहे, हे शोधायला लंडनचा एक गुंड आपल्या गावी, न्यूकॅसलला येतो. सूडकथा म्हणून बघितली तर एवढंच. पण आजूबाजूला बघा. जुन्या वस्त्या पाडल्या जातायत, काँक्रीटचं पार्किंग उभं आहे, आणि त्याच्या माथ्यावर एका धंदेवाल्याला हॉटेल थाटायचंय. त्याच न्यूकॅसलच्या नगरपालिकेचे माजी नेते टी. डॅन स्मिथ आणि वास्तुविशारद जॉन पॉल्सन १९७४ मध्ये लाचखोरीत तुरुंगात गेले. सिनेमानंतर फक्त तीन वर्षांनी! चिबनॉल यांनी या एका सिनेमावर पुस्तक लिहिलं, ते उगीच नाही.

'द लाँग गुड फ्रायडे' मध्ये तर बॉब हॉस्किन्सचा हॅरॉल्ड शँड लंडनच्या बंद पडलेल्या गोदीच्या जमिनीवरच डोळा ठेवून आहे. अमेरिकन माफियाचा पैसा आणायचा, नगरसेवक आणि पोलीस खिशात ठेवायचे, आणि वर याला 'विकास' म्हणायचं. शूटिंग झालं १९७९ मध्ये. गोदीच्या पुनर्विकासासाठी सरकारी महामंडळ आलं १९८१ मध्ये. आज तिथे कॅनरी वॉर्फचे टॉवर आहेत.

मग १९९८ ला 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' आला आणि त्यामागून तसल्याच सिनेमांची रांग लागली. चिबनॉल यांनी या लाटेचे 'गँगस्टर लाइट' आणि 'गँगस्टर हेवी' असे दोन भाग केले. लाइटमध्ये मजा आहे, मीही हसलोय. पण त्यात जमीन कोणाची, पैसा कुठून आला, मेला त्याच्या घरी काय झालं, हे सगळं गायब. क्रे बंधूंना १९६९ मध्ये खुनासाठी जन्मठेप झाली. त्यांचे फोटो आजही पोस्टरवर असतात. ज्यांना त्यांनी मारलं, त्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

चांगली समीक्षा नेमकी इथे कामाला येते. ती सिनेमावर बंदी मागत नाही आणि गुंडाची आरतीही ओवाळत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. गोदीच्या जागी गिरण्या ठेवा. 'लालबाग परळ' मध्ये गिरणी बंद पडते आणि कामगाराचा पोरगा टोळीत जातो, ते आपण बघितलंय. 'सत्या' चे संवाद तोंडपाठ आहेत. मुंबईच्या गँगस्टर सिनेमावर रंजनी मजुमदार यांनी २००७ च्या पुस्तकात उत्तम लिहिलंय, पण इंग्रजीत. ज्यांची घरं त्या चाळींत होती, त्यांच्या भाषेत हे कधी भरभरून लिहिलं जाणार?

कमेंटमध्ये आवडता डायलॉग जरूर टाका. पण त्या सिनेमातली जमीन शेवटी कोणाला मिळाली, तेही लिहा.