सायकल : वाहन की खेळणे?

एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात सायकलस्वार विरळ झाला, याचा सारा दोष महापालिकेच्या माथी मारून विक्रेत्यांना व कारखानदारांना मोकळे होता येणार नाही. २०१७ सालचा महापालिकेचा सायकल-आराखडा बव्हंशी कागदावर राहिला, हे आम्ही जाणतो. परंतु दुकानात काय दिसते? २१ गिअरांची, जाड टायरांची डौलदार सायकल पुढे केली जाते. तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही! पावसात पाठीवर चिखलाची रेघ उमटणार आणि वंगणाने पाटलोण काळी होणार. कचेरीत जाणाऱ्याने किंवा मंडईतून भाजी आणणाऱ्या गृहिणीने ती का घ्यावी? पोराच्या वाढदिवसाला मात्र ती शोभते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सरकारने आपला वाटा उचलला. आता कारखानदारांनी हे सामान बसवूनच सायकल बाजारात आणावी. दुकानदारांनीही सीटची उंची गिऱ्हाइकाच्या मापाने लावून द्यावी व पंक्चर काढण्यात कमीपणा मानू नये. पूर्वी पेठांतून तासाच्या भाड्याने सायकल मिळत असे. आज आठवडाभर भाड्याने देऊन, आवडल्यास तीच विकण्यास कोणती हरकत आहे?