सोंगाड्याला बाहेर काढू नका

यंदाच्या एकांकिकेसाठी आमच्या नाट्यमंडळाची पहिली बैठक झाली, तेव्हा सर्वांत आधी एका गोष्टीवर एकमत झाले : या वेळी विनोद नको. त्या एकमतात माझे मत नव्हते. बैठकीत मला ते नीट मांडता आले नाही, म्हणून येथे मांडते आहे.

गेल्या वर्षी आम्ही दुष्काळावर एक अद्भुत एकांकिका केली होती. राक्षसाने गावचा ढग पळवून नेला आहे आणि तो परत मिळावा म्हणून गावकरी तहसील कचेरीत अर्ज करीत आहेत, अशी कल्पना होती. तीत एक बोलकी घागर होती. "रांगेत नंबर माझा आहे, मालकिणीचा नाही," असा तिचा तोरा. प्रेक्षक पोट धरून हसले. शेवटी ती घागर घेऊन पाण्याला गेलेली मुलगी विहिरीत पडते. स्पर्धेच्या परीक्षकांनी शेरा दिला, "हसवायचे की रडवायचे, हे आधी ठरवा." परतीच्या एस. टी. त लातूर ते नांदेड कोणी फारसे बोलले नाही. या वर्षी ठरले ते त्या शेऱ्यामुळेच.

परीक्षकांच्या शेऱ्यामागे शास्त्र नाही असे मी म्हणत नाही. भरतमुनींनी आठ रस सांगितले. शृंगारातून हास्य आणि रौद्रातून करुण उत्पन्न होतो, असेही सांगितले. म्हणजे हास्य आणि करुण यांची घराणीच वेगळी. पण शास्त्र शिकवणाऱ्या वर्गातच आपण 'शाकुंतल'ही शिकतो, आणि तेथे कालिदासाने काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे.

'शाकुंतल' ही अद्भुताची कथा आहे. शाप आहे, हरवलेली अंगठी आहे, ती गिळणारा मासा आहे. पाचव्या अंकाच्या आरंभीच राजा विदूषकाला हंसपदिकेकडे पाठवून देतो आणि मग शकुंतला दरबारात येते. तिला नाकारले जाते त्या वेळी रंगमंचावर विदूषक नाही. पण सहाव्या अंकाच्या सुरुवातीलाच कोळ्याला पकडून आणणारे शिपाई येतात आणि त्यांच्या बोलण्याने आपण हसू लागतो. त्याच हसण्यात अंगठी सापडते आणि राजाच्या पश्चात्तापाला सुरुवात होते. तो दुःखात बुडालेला असताना विदूषक हातातली काठी घेऊन आंब्याचा मोहोर झोडपायला निघतो. का, तर तो मदनाचा बाण आहे म्हणून! कालिदासाने हसू आणि रडू तराजूत घालून समसमान तोललेले नाही. विदूषकाने केव्हा बाहेर जावे आणि केव्हा परत यावे, एवढेच त्याने अचूक ठरवले आहे.

हे केवळ संस्कृत नाटकातच आहे असे नाही. माझे वडील लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत पाहिलेल्या तमाशाबद्दल सांगतात. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. वगातला राजा कितीही संकटात असला तरी सोंगाड्या त्याच्या शेजारी उभा असायचा. वडील म्हणतात, "राजाचं दुःख आम्हाला सोंगाड्यामुळं कळायचं. राजा आमच्यातला नव्हता, सोंगाड्या आमच्यातला होता." वडिलांनी रसशास्त्र वाचलेले नाही, पण या वाक्यात मला ते सापडले.

शाहीर विठ्ठल उमप यांचे 'जांभूळ आख्यान' मी मोबाइलवर पाहिले. त्यांचे २०१० साली निधन झाले, त्यामुळे माझ्या पिढीला ते असेच भेटणार. पाच पती असलेल्या द्रौपदीचे मन कर्णावर जाते, ही त्या लोककथेची कळ. झाडावरून तुटलेले जांभूळ पुन्हा देठाला लागायचे तर प्रत्येकाने मनातले खरे सांगायला हवे. एक उतारवयाचा शाहीर द्रौपदीची लाज दाखवतो, तेव्हा मी मोठ्याने हसले. थोड्याच वेळात मला माझ्या हसण्याची लाज वाटली. ज्या लपवाछपवीवर मी हसत होते, तेच त्या बाईचे दुःख होते. शाहिराने विषय बदललाच नव्हता. त्याने मला आधी हसवून जवळ बसवले आणि मग तीच गोष्ट पुन्हा सांगितली.

आता एक उदाहरण जपानचे. प्राध्यापकांनी राग मानू नये. वसतिगृहात आम्ही मुली ज्या जपानी चित्रमालिका पाहतो, त्यांतली 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहूड' ही २००९ साली सुरू झालेली चौसष्ट भागांची मालिका. मूळ चित्रकथा हिरोमू आराकावा या लेखिकेची. ती होक्काइदो बेटावरच्या दूधदुभत्याच्या शेतात वाढली, हे कळल्यावर ती मला आपल्यातलीच वाटली. दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणू पाहतात. त्यात थोरल्याचा एक पाय आणि एक हात जातो, धाकट्याचे सगळे शरीरच जाते आणि त्याचा जीव एका लोखंडी चिलखतात अडकतो. एवढ्या भयंकर कथेत मालिकाभर एक विनोद चालतो : थोरला बुटका आहे आणि कोणी तसे म्हटले की तो पिसाळतो. आम्ही दर वेळी हसायचो. पुढे त्यालाच शंका येते की, धाकट्याच्या हरवलेल्या शरीराला आपलेच शरीर पोसत असेल, म्हणून आपली वाढ खुंटली असेल. त्या दिवशी खोलीत कोणी हसले नाही. इतके दिवस आम्ही ज्यावर हसत होतो ती त्याची जखम होती.

याच मालिकेत एका किमयागाराच्या घरी लहान मुलगी आणि तिचा भला मोठा कुत्रा आहे. कुत्रा नायकाच्या अंगावर बसतो, आपण हसतो. पुढे तो बाप आपल्या वार्षिक परीक्षेत टिकण्यासाठी त्या दोघांचा मिळून एक बोलणारा प्राणी करतो. ते उघड होते त्या क्षणी लेखिका एकही विनोद करीत नाही. कालिदासाने विदूषकाला बाहेर पाठवले, तसेच हे.

अद्भुत कथेला तर हसण्याची गरज जास्तच आहे, असे माझे मत आहे. घागर बोलते, हे प्रेक्षकाने का मानावे? तो तिच्या बोलण्यावर हसला की त्याने ती मानली. आणि दुष्काळाच्या बातम्या आपण इतक्या वाचल्या आहेत की मन निबर झाले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेही आता सामान्यज्ञानाच्या प्रश्नात गेले आहे. विहिरीत पडलेली मुलगी ही चार ओळींची बातमी असते. पण जिच्या घागरीशी आपण वीस मिनिटे हसलो, ती मुलगी बातमी राहत नाही.

माझी आजी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तिचे घर पडले आणि सख्खी जाऊ गेली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये ती पोरांना राक्षसाची गोष्ट सांगायची. त्या राक्षसाचा वाडाही पडलेला आणि तोही पत्र्यातच राहायला आलेला. मात्र शेड ठेंगणे असल्यामुळे त्याचे पाय रात्रभर बाहेर! पोरे हसायची, बायाही हसायच्या. मी आजीला विचारले, "एवढं दुःख असताना हसू कसं आलं?" ती म्हणाली, "हसलो म्हनून तर रडता आलं. त्याच्याआधी डोळे कोरडेच व्हते."

आता आमच्या चुकीबद्दल. ती झाली होती. मुलगी विहिरीत पडल्यावरही आमच्या घागरीने एक कोटी केली होती. ते वाक्य मीच लिहिले होते, आणि त्याला हशा आला म्हणून तालमीत मी ते काढू दिले नव्हते. परीक्षकांना तेच खटकले असेल तर ते बरोबर होते. पण त्यावर उपाय एक वाक्य काढणे हा होता, घागर काढणे हा नव्हे. तिने तेथे गप्प बसायला हवे होते. इतका वेळ बडबडणारी घागर गप्प बसली असती, तर प्रेक्षकांना वेगळे काही सांगावे लागले नसते.

म्हणून नाट्यमंडळातील मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. बक्षीस मिळो वा न मिळो, यंदाही आपल्या नाटकात एक सोंगाड्या असू द्या. त्याला आपल्याच दुःखावर हसवू द्या आणि वेळ आली की गप्प बसायला शिकवा. आपल्या घरांत माणसे अशीच जगली आहेत. आपण रंगमंचावर जाताना ते विसरलो, तर आपल्या आईबापांना ते नाटक आपले वाटणार नाही.