कॅप शाबूत, दाढ गेली

गेल्या महिन्यात इथे तिरुवनंतपुरमला लष्करी दंतवैद्यांच्या खुर्चीत बसलो होतो. कॅप्टन हुद्द्याच्या तरुण डॉक्टरांनी माझ्या तळहातावर एक पांढरी वस्तू ठेवली. ती माझीच झिर्कोनियाची कॅप होती, सात वर्षांपूर्वी रजेवर असताना एका खासगी दवाखान्यात बसवलेली. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"सर, कॅपला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "खालची दाढ मात्र उरली नाही."

ही कॅप बसवली तेव्हा मला लडाखची पोस्टिंग आली होती. रूट कॅनाल झालेली खालची दाढ होती. दवाखान्याने दहा वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड हातात दिलं आणि मी ते पाकिटात ठेवून निर्धास्त झालो. आता दहा वर्षं या दाढेकडे बघायला नको, असा मी त्याचा अर्थ घेतला. चूक तिथेच झाली. वॉरंटी कॅपची होती, दाढेची नव्हती.

झिर्कोनियाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, उलट त्याच्या ताकदीबद्दल मला आदरच आहे. इथून दक्षिणेला मनवलकुरिची आणि उत्तरेला चवरा इथल्या किनाऱ्यांवर काळपट वाळू दिसते. तिच्यात इल्मेनाइट, मोनाझाइट यांच्याबरोबर झिरकॉन हे खनिज असतं. झिरकॉनपासून झिर्कोनिया बनतो. दातांसाठी त्यात थोडा यिट्रिया मिसळतात. कॉम्प्युटरवर आखलेला आकार खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून कोरून काढतात आणि साधारण 1500 अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. भट्टीत तो सुमारे पाचव्या हिश्श्याने आकसतो, म्हणून आधी मोठाच कोरावा लागतो.

त्याची खरी करामत तडा जाताना दिसते. तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाजवळचे कण आपली रचना बदलतात, चार-पाच टक्के फुगतात आणि तडा दाबून धरतात. राखीव तुकडी नेमकी भगदाडावर धावून जावी तसं. 1975 साली गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या शास्त्रज्ञांनी हे मांडलं तेव्हा आपल्या लेखाच्या शीर्षकातच 'सिरॅमिक पोलाद?' असा प्रश्न विचारला होता. धातूच्या कॅपवर चढवतात त्या पोर्सेलीनची वाकण्याची ताकद 100 मेगापास्कलच्या आसपास, तर या झिर्कोनियाची 900 ते 1200. शक्करपारे फोडणाऱ्या फौजी जबड्यासाठी मागच्या दाढेला हा माल उत्तमच. अख्खा झिर्कोनियाचा घेतला तर वरचा थर टवका उडून निघण्याची भीतीही नाही.

पण हे आकडे प्रयोगशाळेतल्या पट्टीचे आहेत. तोंडात कॅपच्या कडेला दात आणि हिरडी भेटतात, आणि शत्रू तिथूनच येतो. लडाखमध्ये पहाटे पाणी गोठलेलं, ब्रश कसाबसा फिरवायचा, दिवसभर गोड चहा, आणि दातांमधून दोरा फिरवणं तर माझ्या गावीही नव्हतं. कीड कडेतून आत शिरली. नस आधीच काढलेली, म्हणून दाढ दुखली नाही. झिर्कोनिया एक्स-रे अडवतो, त्यामुळे कॅपच्या आतलं फोटोतही नीट दिसत नाही. म्हणजे पहारेकरी नाही आणि दुर्बीणही नाही. तपासणीत कडेवर अणकुचीदार हत्यार फिरवणारा माणूसच काय तो ते पकडू शकला असता. आणि ती वार्षिक तपासणी मी दोनदा पुढे ढकलली. एकदा कोर्सला होतो, एकदा 'काही दुखत नाही' म्हणून.

आता तिथे ब्रिज बसवायचा की इम्प्लांट, हे ठरवायचं आहे. ब्रिज म्हटला की शेजारचे दोन धडधाकट दात कापून बारीक करायचे. माझ्या आळसाची किंमत त्या दोघांनी भरायची. शिवाय ब्रिजमध्ये दात जिथे जोडलेले असतात तो जोड पुरेसा जाड नसेल तर झिर्कोनियाही तिथेच मोडतो, आणि मधल्या दाताखालून रोज सफाई करावीच लागते.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. झिर्कोनिया जरूर घ्या, पण टिकाऊपणा विकत मिळतो असं समजू नका. डॉक्टरांना आधी विचारा, कॅपची खरंच गरज आहे की फिलिंगने भागेल? पुढच्या दातांसाठी जास्त पारदर्शक, पण तुलनेने कमी ताकदीचा प्रकार वापरतात. मला कुठला देताय? चावा जुळवताना कॅप घासलीत तर पुन्हा पॉलिश केलीत का? खरबरीत राहिली तर ती समोरचा दात झिजवते. आणि कडेची सफाई कशी करायची ते आरशात दाखवा. दुकानात बूट घेताना आपण यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो. आणि निव्वळ शोभेसाठी चांगले दात कापून पांढऱ्याशुभ्र कॅप बसवणाऱ्या माझ्या काही कोर्समेट्सना हात जोडून विनंती, की कापलेला दात परत वाढत नाही.

दुसरी गोष्ट आम्हा अधिकाऱ्यांची. जवानांची रायफल, बूट, स्लीपिंग बॅग आम्ही स्वतः हातात घेऊन बघतो. दातांच्या तपासणीचा मात्र फक्त कागद बघतो. त्याच लडाखच्या पोस्टवर माझा एक हवालदार गाल सुजवून तीन दिवस हवामान उघडायची वाट बघत बसला होता. तो पेज पीत होता आणि "ठीक हूँ, साब" म्हणत होता. वर जाण्यापूर्वी त्याच्या नावापुढे 'तपासले' अशी खूण होती, आणि खाली सही माझी होती.

ती कॅप मी टेबलाच्या खणात ठेवली आहे. या वर्षीच्या दंततपासणीची यादी परवा सहीसाठी आली. ती परत पाठवली आणि सर्वात वर माझं नाव घालायला सांगितलं.