मेल्याचे सोंग

'पाळणे' हे क्रियापद मराठीत मोठा विचित्र संसार करते. आपण वचन पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो आणि कुत्राही पाळतो. पहिल्या तिन्हींत बंधन पाळणाऱ्यावर असते; चौथ्यात ते अलगद सरकून पाळल्या जाणाऱ्याच्या गळ्यात जाऊन पडते. 'माणसाळणे' हा शब्दही असाच. प्राण्याने आपल्याला भिणे सोडले की तो माणसाळला असे आपण म्हणतो. त्याच्या बाजूने नेमके काय घडले, हे त्या शब्दात कुठेच नाही. आपल्या बाजूचे समाधान मात्र काठोकाठ आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने एवढी नोंद करून पुढे जावे, असेच मीही इतकी वर्षे केले. ते तसे सोडता येत नाही हे ध्यानात आले ते एका सापामुळे.

आपल्याकडे नाग-धामणीसारखे साप घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. त्यामुळे मराठी घरात राजरोस पाळलेला साप पाहण्याचा योग मला आला तो परदेशात, २०२३ च्या हिवाळ्यात, डेन्व्हरजवळ राहणाऱ्या भाच्याकडे. साप 'वेस्टर्न हॉगनोज' जातीचा. शास्त्रीय नाव हेटेरोडॉन नॅसिकस. दक्षिण कॅनडापासून उत्तर मेक्सिकोपर्यंत पसरलेल्या गवताळ, रेताड मुलखाचा हा रहिवासी. म्हणजे भाच्याच्या घरात तो तसा परदेशी नव्हता, परदेशी आम्हीच होतो. लांबी हातभर, अंग जाडसर, रंग वाळक्या गवताचा आणि त्यावर तपकिरी ठिपके. नाकाचे टोक फावड्यासारखे वर वळलेले. मातीत डोके खुपसून बेडूक, सरडे, अंडी शोधायची तर असेच नाक हवे. इंग्रजीत त्याला डुकराच्या नाकाची उपमा मिळाली. आपल्याकडे हा साप असता तर कदाचित 'वराहमुखी' वगैरे भारदस्त नाव मिळून तो थेट एखाद्या पोथीत गेला असता. असो.

या सापाची कीर्ती नाकामुळे नाही, सोंगामुळे आहे. संकट जवळ आले की तो मान नागासारखी चपटी करतो, मोठ्याने फुत्कारतो आणि तोंड मिटलेले ठेवूनच पुढे धडका मारतो. एवढ्याने भागले नाही तर पुढचा अंक. तो तळमळतो, वेटोळी टाकतो, उताणा होतो, तोंड वासतो, जीभ बाहेर लोंबू देतो, घाण वासाचा स्राव आणि विष्ठा सोडतो; अलीकडेच काही गिळले असेल तर तेही कधीकधी ओकून टाकतो. मग निपचित. मौज अशी की त्याला कोणी पालथे केले तर तो लगबगीने पुन्हा उताणा होतो, जणू मेलेल्या सापाने उताणेच असले पाहिजे असा कुठेतरी नियम आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातले त्याचे भावंड हे सर्रास करते. हा पश्चिमेचा साप फुत्कारण्यावरच पुष्कळदा थांबतो, शेवटच्या अंकापर्यंत तुलनेने कमी वेळा पोचतो.

या एकाच संहितेचे दोन वाचकवर्ग झाले आणि माझ्या मते दोघांनीही ती चुकीची वाचली. पहिला वर्ग शेतकऱ्यांचा. हॉगनोज सापांना अमेरिकेच्या ग्रामीण भागात 'पफ अ‍ॅडर', 'हिसिंग अ‍ॅडर' अशी जहाल नावे पडली होती. त्याच्या नुसत्या श्वासाने माणूस मरतो अशीही समजूत होती. वस्तुस्थिती अशी की हा मागच्या दातांचा, सौम्य विषाचा साप आहे. धरून चावत राहिला तर हात चांगला सुजतो, पण जीवावर बेतण्याची भीती सहसा नाही, आणि तो चावतोही क्वचितच. पण नाटक इतके उत्तम वठले की प्रेक्षकाने फावडे उचलले. ज्या आविर्भावाने कोल्हा मागे हटावा, त्याच आविर्भावाने माणूस पुढे सरसावला.

दुसरा वर्ग आजच्या पाळणाऱ्यांचा. यांनी तोच फुत्कार विनोद म्हणून वाचला. हॉगनोज बाळगणाऱ्यांच्या बोलण्यात त्याला 'ड्रामा क्वीन' म्हणण्याची रीत आहे. त्याने मरून दाखवावे म्हणून त्याला बोटाने डिवचायचे, चित्रफीत काढायची आणि खाली हसरी ओळ लिहायची, असा प्रकार जागोजाग दिसतो. शेतकऱ्याने निदान त्या भीतीला भीती म्हणून उत्तर दिले होते. हसणाऱ्याने तीही मान्यता काढून घेतली. पहिल्या वाचनात साप मरत होता, दुसऱ्यात मरत नाही, हा फरक लहान नाही. तरीही वाचनाच्या गुणवत्तेत सुधारणा झाली असे म्हणवत नाही.

इथे कोणी विचारील, पण ते नाटकच नाही का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आपल्या नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. यातला शेवटचा प्रलय म्हणजे भान हरपून कोसळणे. हात-पाय हलवून जो अभिनय साधतो त्याहून हे भाव वेगळे काढले, कारण ते मनाच्या आतून आल्याशिवाय अंगावर उमटत नाहीत. घाम ठरवून फुटत नाही. हॉगनोजचा प्रलय कुठल्या खात्यात टाकायचा? निव्वळ मूर्च्छा म्हणावी, तर पालथा केल्यावर उताणा होण्याइतकी शुद्ध त्याला आहे. निव्वळ आंगिक अभिनय म्हणावा, तर अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लेही, कोणी न शिकवता, तो बिनचूक करतात.

या बाबतीत एक प्रयोग साहित्याच्या वर्गातही सांगावा असा आहे. गॉर्डन बर्गहार्ट आणि हॅरी ग्रीन यांनी तो १९८८ साली प्रसिद्ध केला. साप पूर्वेकडच्या हॉगनोजची नवजात पिल्ले. ती मेल्यासारखी पडली की त्यांना भानावर यायला किती वेळ लागतो, एवढेच मोजायचे. जवळ पेंढा भरलेले घुबड ठेवले तर पिल्ले अधिक काळ 'मेलेली' राहिली. माणूस उभा राहून त्यांच्याकडे टक लावून पाहत असेल तरीही तसेच. पण तोच माणूस, तिथेच उभा राहून, नजर दुसरीकडे वळवील तर पिल्ले लवकर उठली. म्हणजे उताण्या पडलेल्या, जीभ लोंबलेल्या, वीतभर जीवाला कोणी आपल्याकडे पाहते आहे की नाही याचा हिशेब होता. 'प्रेक्षक' हा शब्द मी वर सहज वापरला. या प्रयोगानंतर तो सहज वापरता येत नाही. पाहणाऱ्याच्या नजरेने पाहिली जाणारी गोष्ट बदलते, हे आपण समीक्षेत नेहमी ऐकतो. इथे ते घड्याळ लावून मोजले गेले.

पुढे बर्गहार्ट यांनी याच सापांचा दाखला देऊन 'क्रिटिकल अ‍ॅन्थ्रोपोमॉर्फिझम', म्हणजे सावध मानवीकरण, ही भूमिका मांडली. प्राण्यावर मानवी भाव कधीच आरोपित करू नयेत, असे ती म्हणत नाही. करा, पण त्या प्राण्याची इंद्रिये, त्याचे शरीर, त्याचा मुलूख यांच्या ज्ञानाने तो आरोप तपासून घ्या, असे म्हणते. आपण शाळेत शिकवतो ती चेतनगुणोक्ती निर्जीवाला सजीवपण देते. सापाला ते द्यावे लागत नाही, तो सजीवच आहे. त्याला आपण देतो ती एक भूमिका, आणि भूमिका दिली की उरलेला साप दिसेनासा होतो.

भाच्याच्या घरी नेमके हेच झाले. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने सापाचे नाव ठेवले होते 'नाटक्या'. आल्याबरोबर तिने मला काचेच्या पेटीपाशी नेले. "मामाआजोबा, थांबा, तो आता मरेल बघा!" तो मेला नाही. डोके किंचित वर धरून, तोंड अर्धवट उघडे ठेवून, फुस्‌ फुस्‌ करत राहिला. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. "आज फार नखरे चाललेत," भाचा म्हणाला. चौथ्या दिवशी भाचेसुनेला त्याच्या तोंडाशी बारीक बुडबुडे दिसले आणि मग सगळ्यांची धावपळ उडाली. सरपटणाऱ्या प्राण्यांचे वैद्य पंचवीस मैलांवर होते. श्वसनमार्गाचा संसर्ग. पेटीखालच्या तापपट्टीचे नियंत्रण बिघडले होते आणि उबेचा जो कोपरा तीस-बत्तीस अंशांवर असायला हवा, तो कित्येक दिवस थंड पडला होता. साप आपली ऊब आपण तयार करत नाही. थंडीत त्याची रोगाशी झुंजण्याची शक्ती ढासळते. कित्येक दिवस तो धापा टाकत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

त्या घरात कोणी निष्काळजी नव्हते. पाणी रोज बदलले जात होते, खाणे वेळच्या वेळी होते. चूक नावात होती. 'नाटक्या' म्हटल्यावर उघड्या तोंडाचा एकच अर्थ उरला. समीक्षेत एखाद्या लेखकाला एकदा 'विनोदी' म्हणून टाकले की त्याच्या पुस्तकातल्या मरणालाही वाचक हसत सुटतो, त्यातलाच हा प्रकार.

साप पाळूच नयेत असे मला म्हणायचे आहे का? नाही. बाजारात मिळणारे बहुतेक हॉगनोज पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या निपजलेले असतात. त्यांना गवताळ रानात नेऊन सोडणे हा उदारपणा नसून अविचार ठरेल. त्यांना पोपटासारखे आभाळ लागत नाही, कुत्र्यासारखी सोबत लागत नाही. बंदिवासात हा साप पंधरा-वीस वर्षे जगतो. माझी तक्रार आहे ती पाळणाऱ्यांच्या वाचनाविषयी. काही महिने हाताळल्यावर हे साप फुत्कारणे, मरून पडणे बहुधा सोडून देतात. मालक म्हणतो, त्याचा माझ्यावर विश्वास बसला. बसला असेलही, पण हा हात आपल्याला खात नाही एवढेच सापाला उमगले असेल, असे म्हटल्यानेही सगळा पुरावा भागतो. त्यात प्रेम मिसळायचे तर ते मालकाने स्वतःच्या खिशातून मिसळावे. नर साप ऐन हंगामात महिनोन्‌महिने उंदराकडे ढुंकून पाहत नाही, तेव्हा 'रुसला' म्हणतात. पिल्ले गुलाबी उंदीरपिल्लू नाकारतात, तेव्हा 'चोखंदळ' म्हणतात, आणि मग त्या उंदराला बेडकाचा किंवा माशाचा वास चोळून देतात. हा तोडगा चालतो, कारण तो सापाच्या बाजूने वाचून काढलेला आहे: रानात तो बेडूक खातो, तेव्हा त्याला बेडकाचा वास हवा. म्हणजे योग्य वाचन जमत नाही असे नाही. गरज पडली की जमते.

सगळ्यांत खटकते ते फावड्यासारख्या नाकाचे. खणण्यासाठी घडलेले हे नाक घेऊन कित्येक साप प्लॅस्टिकच्या खणांत, तळाला अंथरलेल्या कागदावर जन्म काढतात. साफ करायला सोपे जाते म्हणून. भाच्याच्या पेटीत निदान चार बोटे लाकडाचा भुसा होता आणि साप दिवसातला बराच वेळ त्याखाली दडून असे. मुलीची तक्रार होती की तो दिसतच नाही. दुसरीकडे रंगांचा व्यापार. 'अ‍ॅनाकोंडा' नावाच्या वाणात ठिपके कमी होतात, 'सुपरकोंडा'त जवळजवळ पुसले जातात, आणि त्याची किंमत वाढते. ते ठिपके वाळक्या गवतात लपण्यासाठी होते. नाकाचा उपयोग गेला, ठिपके गेले, सोंगही गेले. उरलेल्याला आपण माणसाळलेला हॉगनोज म्हणतो.

नाटक्या वाचला. इंजेक्शनांचा क्रम काही आठवडे चालला. मी परत आल्यावर फोनवर बातमी कळत असे. वैद्यांनी मुलीला एक वही घालायला सांगितली होती, मागच्या उन्हाळ्यात ती मी पाहिली. तारीख, वजन, दोन्ही कोपऱ्यांचे तापमान, आणि शेवटी 'काय दिसले'. सुरुवातीच्या पानांवर त्या रकान्यात 'राग आला', 'कंटाळला' असे लिहून नंतर खोडले होते. पुढे नुसते: तोंड मिटलेले. जीभ दोनदा बाहेर. भुशाखाली. भुशाखाली. भुशाखाली.