दर वर्षीं लांबणारी आणीबाणी

परराष्ट्राच्या वैरबुद्धीचा बंदोबस्त करणें हें प्रत्येक सरकारचें कर्तव्य आहे, व त्या कामीं प्रसंगविशेषीं असाधारण अधिकार लागतात, हें आम्हांस मान्य आहे. परंतु एकदां दिलेला असा अधिकार परत कोणी व केव्हां मागावयाचा, ह्याची ज्या राज्यांत धड तजवीज नसते, तेथें आणीबाणी ही संकटाहून दीर्घायुषी होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हाच प्रकार चालला आहे. आणि त्याची झळ आमच्या पेठांसही लागून गेली असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

१५ एप्रिल २०२१ रोजीं राष्ट्राध्यक्ष बायडन यांनीं रशियन सरकारच्या घातक कारवायांस्तव राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. निवडणुकींत ढवळाढवळ, संगणकांवरील हल्ले इत्यादि आरोप त्या हुकुमांत होते. पुढें २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तेव्हां आर्थिक निर्बंधांची मोठी इमारत ह्याच हुकुमाच्या पायावर उभी राहिली. दर एप्रिलांत ती आणीबाणी वाढत गेली. २०२५ सालीं बायडन जाऊन ट्रंप आले, तरी तींत खंड पडला नाहीं. शेजाऱ्याच्या मुलखांत फौजा घालणाऱ्याची वकिली आम्हांस करावयाची नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. ही मुदतवाढ देतो कोण?

ज्याला अधिकार हवा, तोच देतो. १९७६ च्या कायद्याप्रमाणें आणीबाणी वर्ष भरतांच संपावयाची. परंतु त्यापूर्वींच्या ९० दिवसांत राष्ट्राध्यक्षानें काँग्रेसला सूचना धाडून ती राजपत्रांत छापविली, कीं आणखी एक वर्ष मिळालें. त्यास कोणाचें मत घ्यावें लागत नाहीं. दिवाळीस नवी वही मांडतांना आमचा व्यापारी जुनी बाकी पुढें ओढतो खरा, पण कुळास विचारून व हिशेब ताडून ओढतो. येथें वही लिहिणारा, ताडणारा व बाकी ठरविणारा एकच!

गंमत अशी कीं, हा कायदा झाला तो नेमका उलट हेतूनें. १९७३ सालीं सेनेटच्या समितीनें शोध केला तेव्हां चार जुन्या आणीबाण्या जिवंत सांपडल्या. त्यांतील एक १९३३ सालची, ब्यांका बुडूं लागल्या त्या वेळची, होती! म्हणून दर सहा महिन्यांनीं दोन्ही सभांनीं विचार करावा असें कलम घातलें गेलें. तें बहुतेक कागदावरच राहिलें. १९८३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आणीबाणी रद्द करणाऱ्या ठरावासही राष्ट्राध्यक्षाची सही लागूं लागली. २०१९ सालीं मेक्सिकोच्या सरहद्दीवरील आणीबाणी दोन्ही सभांनीं रद्द ठरविली, तों ट्रंप यांनीं तो ठरावच नाकारला. तेहरान येथील वकिलातींतील ओलीसांपायीं १९७९ सालीं पुकारलेली आणीबाणी तर अजब आहे. ओलीस २० जानेवारी १९८१ रोजीं सुटले. आणीबाणी ४५ वर्षें उलटलीं तरी वाढतच आली. ती पुकारली त्या दिवशीं जन्मलेलें मूल एव्हांना आजा झालें असेल.

आतां आमच्यापुरती गोष्ट. ६ ऑगस्ट २०२५ रोजीं ह्याच रशियाविषयक आणीबाणीचा आधार घेऊन, हिंदुस्थान रशियाचें तेल घेतो म्हणून, आमच्या मालावर २५ टक्के जादा जकातीचा हुकूम निघाला. २७ ऑगस्टपासून ती लागू होऊन पूर्वींच्या २५ टक्क्यांसह बोजा ५० टक्के झाला. आम्ही अगदींच संन्यासी होतों असें नव्हे. तेल स्वस्त मिळालें तें आम्हीं घेतलें. परंतु मॉस्कोच्या सरकारासाठीं उगारलेली काठी तिरुपूरच्या कापडवाल्याच्या व सुरतेच्या हिरेवाल्याच्या पाठीवर पडावी, आणि काँग्रेसांत त्यावर मतही घेतलें जाऊं नये, हें मुदतवाढीच्या सोयीचें फळ होय. पुढें त्या जकातीचें काय झालें हा येथें प्रश्न नाहीं. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो.

दुसऱ्यास शिकवितांना आपलें घरही पाहिलें पाहिजे. चीनच्या हल्ल्यामुळें २६ ऑक्टोबर १९६२ रोजीं आमच्याकडे आणीबाणी पुकारली गेली. लढाई महिन्याभरांत थांबली. आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. ३ डिसेंबर १९७१ रोजीं पाकिस्तानच्या हल्ल्याची दुसरी आली. तें युद्ध दोन आठवड्यांत आटोपलें. ती मात्र १९७७ च्या मार्चपर्यंत टिकली, व तिच्या जोडीस १९७५ सालीं तिसरी आली. तिसरीचे चटके बसल्यावर मग १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें नियम झाला कीं, दर सहा महिन्यांनीं दोन्ही सभागृहांनीं विशेष बहुमतानें मान्यता द्यावी, नाहींतर आणीबाणी संपावी. आणि लोकसभेस ती साध्या बहुमतानें मोडतां यावी.

अमेरिकेनें निदान एवढें तरी करावें. तसें केल्यास निर्बंध कोसळून रशियास रान मोकळें होईल, असें कोणी म्हणतील. पण निर्बंध राखावयाचे तर कायदा करण्यास काँग्रेसला कोणी अडविलें आहे? २०१७ सालीं तिनें रशियाविरुद्ध निर्बंधांचा कायदा प्रचंड बहुमतानें केला होता, आणि ट्रंप यांनीं नाखुषीनें कां होईना, त्यावर सही केली होती.